किनाऱ्यापासून आत, कोरड्या हवेत

लग्न होऊन कार्डिफला आले तेव्हा मला पहिल्यांदा शिकावं लागलं ते पाठ थोपटणं. आमचे हे तिथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. लहानपणी साताऱ्याला असताना यांना डांग्या खोकला झाला होता, तो फार चिघळला आणि डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा अधू करून गेला. तिथे कफ साचायचा. रोज सकाळी तो मोकळा केला नाही तर ताप यायचा. हे पलंगावर पालथे झोपत, कमरेखाली उशा, डोकं आणि छाती कडेवरून खाली लोंबलेली. मी पाठीवर थोपटायचं.

"चापट नको मारूस," पहिल्या दिवशी हे खालूनच म्हणाले. "ओंजळीसारखा हात धर. हवा अडकली पाहिजे आत."

नवी नवरी होते मी. नवऱ्याच्या पाठीवर हात उगारायचा म्हणजे कसंतरीच वाटलं. पण आठवड्याभरात जमलं. घोड्याच्या टापांसारखा आवाज यायचा. मग खोकल्याची उबळ, मग चहा, मग कामावर. पुढे मुलगी झाली, ती पाच-सहा वर्षांची झाल्यावर तीही इवल्या हातांनी थोपटायला लागली. सगळ्याच घरांत सकाळी असं करतात असं तिला वाटायचं. एकदा मैत्रिणीकडे राहायला गेली होती, तेव्हा ब्रेकफास्टला तिने मैत्रिणीच्या वडिलांना विचारलं होतं, तुमची पाठ कोण करतं म्हणून. मैत्रिणीच्या आईने मला ते हसत हसत सांगितलं. मीही हसले.

आमचं घर भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या एका लांबलचक रांगेतलं, जुनं होतं. मागच्या बाजूच्या भिंतीला ओल होती. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली तरी त्यांच्या मागे काळी बुरशी धरायची. हिवाळ्यात खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळायचं आणि मी सकाळी फडका घेऊन ते टिपत फिरायचे. धुतलेले कपडे रेडिएटरवर टाकले की तेच पाणी पुन्हा हवेत. आम्ही हवेतली ओल शोषणारा एक डीह्युमिडिफायर आणला होता. त्याच्या तळाचा डबा रोज भरायचा. "एवढं पाणी आपण श्वासातून घेत होतो?" असं मी म्हटलं की हे म्हणत, "पाण्याने काही होत नाही गं, बुरशीने होतं." पण डबा ओतायला मात्र स्वतःच घाईने जात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका हिवाळ्यात यांना मोठा न्यूमोनिया झाला. आपल्याच हॉस्पिटलात हे पेशंट म्हणून पडून राहिले. छातीचे मोठे डॉक्टर यांचे मित्रच होते. वेल्श माणूस, खाणकामगाराचा मुलगा, त्यामुळे फुप्फुसं म्हणजे त्याला घरचाच विषय. हे जरा बरे झाल्यावर तो संध्याकाळी घरी आला होता. हे त्याला म्हणाले, "ओमानला जागा निघालीय. वाळवंट आहे. कोरडी हवा. काय वाटतं तुला?"

तो म्हणाला, "हवापालटाने छाती बरी होते असं माझी आजी म्हणायची. तुला हवंच असेल तर जा. पण पुरावा मागशील तर माझ्याकडे नाही."

हे उठले. त्याला दारापर्यंत सोडून आले आणि मला म्हणाले, "आजीचं ऐकून बघू या."

मुलीची मोठी शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि मला लायब्ररीत अर्धवेळ नोकरी होती. यांनी आधी जाऊन बघायचं, मग आम्ही दोघींनी जायचं असं ठरलं. हे गेले त्या सकाळी मी नेहमीसारखं थोपटून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाग आली आणि हातांना काही काम नव्हतं. मी मुलीचा डबा भरला आणि उरलेला वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले.

रविवारी दुपारी फोन यायचा. लाईनवर माझाच आवाज मला उशिरा परत ऐकू यायचा, त्यामुळे दोघंही एकदम बोलायचो आणि एकदम थांबायचो. पहिल्या फोनवर मी विचारलं, "अहो, हवा कशी आहे?"

"हवा कुठे आहे?" हे म्हणाले. "इथे वाफ आहे."

यांना नेमलं होतं ते किनाऱ्यावरच्या शहरात. ऑगस्ट महिना. आकाशात ढग नाही, वर्षभरात पावसाचे चार थेंब पडले तर पडले, आणि तरी एसीच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं बसायचं. हॉस्पिटलातून गाडीपर्यंत जाईतो शर्ट पिळून काढावा असा. गाड्यांच्या टपांवरून सकाळी पाणी ठिबकायचं. यांची खोली हॉस्पिटलच्या मागच्याच इमारतीत होती, तिच्या एसीतून पाण्याची संततधार लागलेली असायची आणि त्या पाण्यावर खाली कुणीतरी पुदिना लावला होता. हे सांगत होते आणि खोकत होते. तो खोकला मला इकडे ओळखू येत होता. आतून ओढून काढावा लागणारा, चिकट.

"पाठ कोण थोपटतं?" मी विचारलं.

"एक फिजिओ येते केरळची. चांगली आहे. तुझ्यासारखा जोर नाही तिला."

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत भूगोलाच्या कपाटापाशी जाऊन बसले. शाळेतल्या मुलांसाठी हवामानाचं एक पुस्तक होतं. पाऊस पडतो त्यापेक्षा जास्त पाणी उडून जातं, तो मुलूख म्हणजे वाळवंट, असं त्यात दिलेलं होतं. हवा कोरडीच असेल असं कुठेही नव्हतं. उलट, तापलेल्या उथळ समुद्राच्या काठचं वाळवंट उन्हाळ्यात अंग ओलं करून सोडतं. पाणी डोक्यावरून तरंगत जातं आणि खाली पडत नाही. हे इतक्या साध्या भाषेत, चित्र काढून समजावलं होतं की मला रडू आलं. डॉक्टर माणूस, पण कुणीच नकाशात नीट बघितलं नव्हतं. वाळवंट म्हणजे कोरडं, एवढंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

यांनी बदलीसाठी अर्ज केला. किनाऱ्यापासून लांब, डोंगरांच्या पलीकडच्या एका गावात लहान हॉस्पिटल होतं, तिथे जायला कुणी तयार नसे. यांना लगेच मिळालं. पुढचे दोन रविवार फोन आला नाही, कारण क्वार्टरमध्ये फोन नव्हता. तिसऱ्या रविवारी ऑफिसमधून फोन आला. मी उचलला, थोडं बोलले, आणि मुलीच्या हातात दिला. ती दोन मिनिटं ऐकून मला म्हणाली, "आई, बाबांची आवाज चेंज झाला."

तिचं मराठी असंच होतं, पण तिने बरोबर पकडलं होतं. यांचं वाक्य मध्ये तुटत नव्हतं.

त्या वर्षी ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही दोघी गेलो. विमानतळावर हे दिसले आणि मी क्षणभर ओळखलंच नाही. गाल भरले होते, रंग रापला होता. यांनी दोन्ही बॅगा स्वतः उचलल्या. कार्डिफमध्ये हे जिना चढताना मध्ये थांबत, कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरचं चित्र बघितल्यासारखं करत.

पहिल्या सकाळी मला जाग आली ती शांततेने. बाजूला हे नव्हते. खोकल्याचा आवाज नाही. मी उठले. अनवाणी बाहेर धावले तर हे अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"अहो, थोपटायचं आहे ना?"

"नको," हे म्हणाले. "आठवड्यातून एकदा पुरतं. बस, चहा घे."

मला आनंद झाला. तो झालाच. पण त्या आनंदात एक टोचणीही होती, ती अजून मला नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं सकाळी माझे हात लागत होते, आणि नुसत्या हवेने ते काम केलं होतं.

हवा खरोखरच वेगळी होती. माझे ओठ फुटले, मुलीच्या नाकातून रक्त आलं. कंगवा फिरवला की केस उभे राहायचे. दोरीवर टाकलेली साडी मी दुसरं टोक पसरेपर्यंत पहिल्या टोकाला वाळलेली असायची. मुलीचा घसा दुखायला लागला तेव्हा यांनी एक टॉवेल भिजवून तिच्या खोलीत टांगला, आणि मग स्वतःच हसत सुटले. "तिकडे डबा भरून पाणी बाहेर ओतायचं, इकडे भिजवून आत टांगायचं!" हसताना खोकला आला नाही. यांना इतकं मोकळं हसताना मी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बघत होते.

गावाच्या कडेला खजुराच्या बागा होत्या आणि त्यांच्यातून सिमेंटच्या अरुंद पाटाने पाणी खेळत होतं. डोंगराच्या पोटातून आलेलं पाणी. ज्याची पाळी त्याने दगड सरकवून ते आपल्या झाडांकडे वळवायचं. बागेच्या भिंतीच्या आत सावलीला गारवा, ओलसर वास. भिंतीच्या बाहेर एक पाऊल टाकलं की नुसती खडी आणि ऊन. हे रोज संध्याकाळी बाहेरच्या बाजूने फिरायला जात. आत कधी जात नसत. मी विचारलं तर म्हणाले, "आत सगळ्यांना बरं वाटतं. मला बाहेर बरं वाटतं."

आमच्या मुक्कामाच्या शेवटी डोंगरांवर काळे ढग जमले. आमच्या अंगणात एक थेंब पडला नाही. पण दुपारी हॉस्पिटलचा म्हातारा चौकीदार धावत आला आणि हातवारे करून यांना चला म्हणाला. गावाबाहेर रुंद कोरडं पात्र होतं, त्यातूनच गाड्या ये-जा करायच्या. आम्ही पोचलो तर काठावर सगळं गाव जमलेलं, बायका, मुलं, गाड्यांच्या बॉनेटवर बसलेली माणसं. पात्र तर कोरडंच. मुलगी पुढे जायला लागली तशी चौकीदाराने तिच्या दंडाला धरून तिला मागे ओढलं.

आधी आवाज आला. लांबून खडीचा ट्रक रिकामा करत असावेत तसा. मग वळणावरून पाणी आलं. तपकिरी, काटक्याकुटक्या आणि एक प्लॅस्टिकची चप्पल पुढे ढकलत, आधी माणूस चालेल त्या वेगाने आणि मग बघता बघता उसळत, काठाला धडका देत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा, पाणी कुठून आला?" मुलगी ओरडून विचारत होती. "इथे पाऊस नाही पडली!"

"तिकडे पडला," यांनी डोंगराकडे बोट केलं. "इथली जमीन पाणी पीत नाही, कडक झालेली असते. सगळं वाहून येतं. दोन दिवसांनी पुन्हा कोरडं."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर बघितलं तर मैदानावर धुकं पडलं होतं. पार आमच्या दारापर्यंत. खुर्च्या ओल्या, पायरी ओली. हे बाहेर आले आणि एकदा खोकले. मी आणि मुलगी दोघीही एकदम यांच्याकडे वळलो. यांनी हात हलवला, काही नाही म्हणून. ऊन चढलं तसं धुकं गेलं, पण त्या दिवशी यांनी मला पाठ थोपटायला सांगितली.

तिकडेच जाऊन राहायचं आम्ही ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण मुलीसाठी जवळपास शाळा नव्हती, म्हणून तिची सोळाव्या वर्षाची परीक्षा होऊ द्यायची असं झालं. मग आखातात युद्ध पेटलं. ओमान त्यापासून लांब होतं, तरी माझी लायब्ररीतली मैत्रीण रोज विचारायची, "तुझा नवरा परत कधी येणार?" हे फोनवर म्हणत, "इथे काही नाही गं, नुसती शांतता आहे." वर्षातून दोनदा भेट व्हायची. उन्हाळ्यात हे सुट्टीवर यायचे, हिवाळ्यात आम्ही जायचो. असं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

परीक्षा झाली त्याच उन्हाळ्यात यांना तिथून कळवण्यात आलं की गावातल्या जागेवर आता तिथलाच शिकलेला तरुण डॉक्टर येणार. यांना हवं असेल तर किनाऱ्यावर जागा आहे. त्या रविवारी हे बराच वेळ नुसतं "हो" आणि "नाही" एवढंच बोलत होते. मी म्हटलं, "अहो, मग काय करायचं?"

"समुद्राकाठीच राहायचं तर कार्डिफ काय वाईट आहे?" हे म्हणाले. "तिथे निदान तुम्ही दोघी आहात."

हे परत आले. आम्ही आमच्या परीने सगळं केलं. सेंट्रल हीटिंग नवीन केलं, मागच्या भिंतीचा गिलावा काढून पुन्हा केला, गालिचे टाकून दिले. पहिला हिवाळा कसाबसा निघाला. सकाळचं थोपटणं पुन्हा सुरू झालं होतं, आणि आता संध्याकाळीही लागत होतं. मुलगी मोठी झाली होती, तिचा हात माझ्यापेक्षा जोरदार पडायचा. यांच्या बरगड्या हाताला लागायच्या. हे कधी तक्रार करत नसत, पण टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागला की आवाज बंद करून टाकत.

दुसऱ्या हिवाळ्यात फेब्रुवारीत पुन्हा न्यूमोनिया झाला. तोच वॉर्ड. ऑक्सिजन लावला होता. सिलिंडरमधला ऑक्सिजन फार कोरडा असतो, नाक-घसा सुकवतो, म्हणून तो पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत सोडतात. ती बाटली यांच्या उशाशी दिवसभर बोलत असायची. एकदा हे बाटलीकडे बघून म्हणाले, "बघ, इथेसुद्धा पाणी मिसळूनच देतात." मग डोळे मिटले. घशाला कोरड पडायची, पण गिळता येत नव्हतं. मी ओल्या कापसाने यांचे ओठ टिपत बसायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी मुलगी शाळेतून थेट आली, युनिफॉर्ममध्येच. हे तिला म्हणाले, "आज ऊन आहे का बाहेर?" होतं. फिकट होतं, पण होतं. तिने खिडकीचा पडदा सारला. यांनी तिचा हात धरून ठेवला. चहाची ट्रॉली येऊन गेली तेव्हा हे गेले होते.

दहनाला खूप माणसं आली. नर्सेस, पोर्टर, स्टॅनमोरहून यांचे धाकटे भाऊ आणि जाऊबाई. भाऊजी चार दिवस राहिले. ते उठता-बसता एकच म्हणत होते, की दादाने ओमान सोडायला नको होतं. मला ते ऐकवत नसे. सगळे गेल्यावर एका संध्याकाळी छातीचे डॉक्टर आले. मी त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं. चहा निवत होता आणि ते कपाकडे बघत होते.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "तो तिथून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याची छाती तपासली होती. गंमत म्हणून, पबमधून येताना. डाव्या बाजूला मला नेहमी जे ऐकू यायचं, ते नव्हतं. जवळजवळ नव्हतंच."

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"मला त्याचं कारण सांगता आलं नसतं. हवा असेल, ऊन असेल, काम कमी असेल. म्हणून मी नुसतं 'ठीक आहे' म्हणालो. मला आश्चर्य वाटलं होतं, ते मी त्याला बोललो नाही."

मुलगी दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. डॉक्टर निघाले, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि शाळेच्या शेवटच्या ए-लेव्हल परीक्षेनंतर काय करणार असं विचारलं. लॉ, ती म्हणाली. ते चांगलं आहे म्हणाले आणि गेले.

दार लागल्यावर ती म्हणाली, "ही शुड हॅव टोल्ड बाबा."

"सांगून काय झालं असतं?" मी म्हटलं. "जागा तर गेलीच असती. परत यायचं ते आलेच असते."

"हो गं. पण बाबा खूश झाले असते ना."

मला हे सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस काय केलं असतं तर हे वाचले असते, याचाच हिशोब करत होते. गावातल्या त्या अंगणात यांना स्वतःला बरं वाटत होतं, पण बरोबरीच्या माणसाने एकदा म्हणायला हवं होतं, की हो, तू खरंच बरा झालायस. तेवढं यांना मिळालं नाही. मी खुर्चीवर बसले आणि दहनानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडले. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. काय करावं ते तिला कळेना. मग तिने डॉक्टरांचा न प्यायलेला चहा सिंकमध्ये ओतला आणि आम्हा दोघींसाठी नवीन आधण ठेवलं.